कानपिळी

त्या उन्हाळ्यात हेमराजच्या मोटरसायकलनं घर पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. चैत्र लागला आणि लग्नांची जी झुंबड उडाली, ती थांबायचं नाव घेईना. आज कुरखेड्याकडं, उद्या वरोऱ्याला, परवा मूलजवळ. लग्न नसलं तर साक्षगंध, साक्षगंध नसलं तर कोणाच्या तरी पोराचं जावळ, आणि काहीच नसलं तर पोट्टे धरणावर पार्टीला. चंद्रपूरच्या उन्हात शहाणी माणसं कूलरपुढून हलत नाहीत. पण वरातीत नाचणाऱ्याला ऊन लागत नाही, असा या पोट्ट्यांचा पक्का समज होता.

पोट्टे म्हणजे तिघं: हेमराज, पवन आणि लच्छू. हेमराज पोंभुर्ण्याजवळच्या एका गावचा. बाप पत्रूभाऊ ढिवर, गावच्या तलावात जाळं टाकून पोट भरणारा. लच्छू त्याच गावचा, दोन घरं सोडून राहणारा. पवन नाल्यापलीकडच्या गावचा, त्यांच्याच जातीतला, घरचा ट्रॅक्टर असलेला, दिसायला देखणा, कानात सोन्याची बाळी. तिघांची दोस्ती कबड्डीतली. पवन अंगानं दांडगा, पण खरी कमाल हेमराजच्या हाताची. त्यानं एकदा मागून काखेत हात घातले की समोरच्याचा बाप आला तरी सुटका नाही. हेमराजनं धरायचं आणि पवननं पाडायचं, अशी त्यांची रीत होती. पवननं नुसतं डोळ्यानं खुणावलं की हेमराजचे हात आपोआप पुढं जायचे.

आणि या वर्षी तर दोस्तीत साखर पडली होती. हेमराजची बहीण रंभा पवनला दिली होती. सोयरीक जुळवली ती हेमराजनंच. बाप म्हणाला होता, "पोरगा तुह्या माहितीतला हाये, तू म्हणशील तसं." हेमराज म्हणाला, "डोळे झाकून द्या." बापानं खरंच डोळे झाकले. मे महिना सरता सरता लग्न होतं.

त्याआधी लच्छूचं लग्न लागलं, कुरखेड्याच्या पलीकडं एका गावी. वरात भर दुपारी निघाली. धुमालवाल्यांत, म्हणजे इकडच्या ढोल-बँडवाल्यांत, बिरजू नावाचा एक बारीक अंगाचा पोरगा ढोल वाजवत होता. उभ्या उन्हात वाजवून वाजवून त्याचे ओठ पांढरे पडले होते. वरात मांडवाच्या तोंडाशी आली आणि पवन रस्त्यात आडवा झाला.

"तेच वाजव, अजून एकदा."

"भाऊ, मुहूर्त निंघून राह्यला," बिरजू म्हणाला. "नवरीकडचे बोंबलून राह्यले. आत चाला, मंग किती म्हणान तितकं वाजवतो."

"तू मले शिकवतं काय बे?"

बिरजू हसला. बिचारा हसायलाच नको होता. पवननं त्याच्या हातातली काठी हिसकली आणि सरळ तोंडावर हाणली. ओठ फाटला. बिरजूनं हात वर केले, मागं सरला, आणि तेवढ्यात पवननं हेमराजकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. हेमराजच्या डोक्याला कळायच्या आधी त्याचे हात बिरजूच्या काखेतून पुढं आले होते. पवननं बिरजूचा उजवा पंजा ढोलाच्या लोखंडी कड्यावर दाबला आणि काठीनं बोटांवर मारलं. एकदा मारून थांबला नाही. वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला, बिरजू गुरासारखा ओरडला, आणि हेमराजच्या हातांत त्याचं अख्खं अंग थरथरत राहिलं.

मग काय झालं? काही नाही झालं. दुसऱ्या कोणी ढोल गळ्यात अडकवला, वरात आत गेली, लच्छूचं लग्न लागलं. बिरजूला कोणीतरी स्कुटीवर बसवून दवाखान्यात नेलं. हेमराज जेवायला बसला. वरण-भात, वांग्याची भाजी, जिलेबी. दुसरा घास हातातच धरून तो मांडवाच्या तोंडाकडं पाहत राहिला, तेव्हा लच्छू म्हणाला, "जाऊ दे ना बे. गरम डोक्याचा हाये तो, पण दिलाचा साफ हाये."

ही एक आपल्याकडची भारी सोय आहे. माणूस जनावरासारखा वागला की म्हणायचं, डोकं गरम आहे, मनात काही नाही. अरे बाबा, मनात काही नव्हतं तर त्या गरीब पोराची बोटं काय हवेनं मोडली? पण हेमराजला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. त्यानं जिलेबी खाल्ली.

लच्छूचं लग्न आटोपलं तशी त्याच्याकडून पार्टी वसूल करायची ठरली. तिघं सकाळीच धरणावर गेले. मोहाच्या झाडाखाली सावली होती, पाणी पार आटून मधोमध गेलं होतं, काठचा गाळ भेगाळला होता. बाटल्या होत्या, मसाला होता, आणि पवनच्या मोटरसायकलच्या हँडलला पायानं उलटा टांगलेला एक देशी कोंबडा होता.

लच्छू चूल पेटवत होता. पवननं कोंबडा मांडीवर घेतला, रंभाला फोन लावला आणि दोस्तांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"का करून राह्यली राणी?"

"पुडे बांधून राह्यली," रंभाचा आवाज आला. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. माय-लेकी पहाटे जंगलात जाऊन पानं तोडून आणायच्या आणि दिवसभर अंगणात बसून पुडे बांधायच्या. "हात भरले हायेत माहे. संध्याकाळी लावजा ना फोन."

लच्छू खुदकन हसला. नवरदेवाला नवरीनं दोस्तांसमोर नंतर बोला म्हटलं होतं. पवनचा चेहरा लाल झाला, पण आवाज तसाच गोड.

"हो हो, आरामात कर. काही घाई नाई."

असं म्हणता म्हणता त्याची बोटं कोंबड्याच्या मानेभोवती आवळत होती. त्यानं फोन दगडावर ठेवला. दोन्ही हातांनी मान धरली आणि सुरी जवळ असताना, सुरीला हात न लावता, पिळत गेला. कोंबड्याचे पंख त्याच्या छातीवर आपटत होते, पाय हवेत ओरबाडत होते. पवन दात खाऊन पिळतच राहिला. शेवटी मुंडकं त्याच्या हातात आलं आणि धड गाळात पडून नाचत सुटलं. त्याच्या शर्टावर, तोंडावर रक्ताचे शिंतोडे उडाले.

"एकदा मांडवातून आणू दे हिले," तो म्हणाला. "मंग फोन नाई उचलला ना, तं उचलायले बोटंच नाई ठेवत."

लच्छू हसला. हेमराजही हसला. तो तर जरा जास्तच मोठ्यानं हसला, कारण बहीण त्याची होती आणि आपल्याला राग आला नाही हे दाखवणं त्याला भाग होतं. मग पवननं हात धुतले, दगडावरचा फोन खिशात टाकला आणि बाटली उघडली.

उन्हं कलल्यावर हेमराज घरी आला. रंभा अंगणात एकटीच पुड्यांच्या ढिगाशी बसली होती. पानांच्या चिकानं तिची बोटं काळी झाली होती. त्याच्याकडं न पाहता तिनं विचारलं, "दादा, पवन कसा हाये?"

"कसा म्हंजे? सोनं हाये सोनं."

"राग लय येते का त्याइले?"

"मर्द माणसाले राग नाई येन तं कोनाले येन?" हेमराज हसत म्हणाला. "तू काऊन इतका इचार करून राह्यली? मी हाये ना."

रंभानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. चांगला वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हो. तू हायेस ना," आणि परत पुडे बांधायला लागली.

अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा हिरवा मांडव पडला. वरोऱ्याहून मावश्या आल्या, आत्या आली, घर माणसांनी भरलं. हळदीचा दिवस उजाडला. यांच्यात नवरदेवाला आधी हळद लागते आणि त्याची उरलेली, उष्टी हळद नवरीकडं येते. ती लागली की पोरगी त्या घरची झाली. खरं म्हणजे ती नवरदेवाकडच्यांनी आणायची. पण हेमराज दोन्हीकडचा. तो म्हणाला, "मीच घेऊन येतो," आणि सकाळी नाल्यापलीकडं गेला.

पवनच्या अंगणात बाया गाणी म्हणत होत्या. पवन पाटावर बसला होता, उघड्या अंगाला हळद, हातात नवा मोबाइल. त्याची माय, पांढऱ्या केसांची, वाकलेली, पोराच्या लग्नानं हरखून गेलेली, मागून त्याच्या खांद्याला हळद लावत होती. तिचा हात घसरला आणि हळदीचा थेंब मोबाइलवर पडला.

पवननं मागं वळून तिला थोबाडीत मारली. अशी मारली, की म्हातारी बाजूच्या घागरीवर जाऊन पडली आणि घागर फुटली. तिच्या गालावर पाच पिवळी बोटं उमटली. बायांचं गाणं थांबलं. पवन मोबाइल पुसत म्हणाला, "का झालं? म्हणा ना!" आणि बायांनी, देवा रे देवा, थांबलं होतं तिथून पुढं गाणं सुरू केलं. त्यांना सवय होती.

म्हातारी उठली, पदरानं तोंड पुसलं आणि हेमराजला घरात घेऊन गेली. वाटीत उष्टी हळद काढता काढता म्हणाली, "मनावर नोको घेऊ, बाबू. असाच हाये तो. याचा बाप मेला तवापासून समदं माह्यावरच निंघते. मोठी सून होती, ते तं माह्या मोठ्या पोराले घेऊन पळून गेली. आता तुही रंभा येईन. अर्धं तिच्यावर जाईन. मलेबी थोडा आराम भेटन."

हे ती रडून बोलली नाही, चिडूनही बोलली नाही. मनापासून आनंदानं बोलली. वाटीवर पळसाचं पान झाकलं आणि हेमराजच्या हातात दिली.

नाल्याच्या पुलावर हेमराजनं गाडी थांबवली. खाली नाला कोरडा होता. हातात वाटी होती. पालथी घालायला कितीसा वेळ लागतो? बिरजूची बोटं आठवली, कोंबड्याचं धड आठवलं, म्हातारीचा गाल तर डोळ्यांपुढून हटेना. पण मांडव पडला होता. मावश्या आल्या होत्या. बाप गावभर सांगत फिरला होता, माह्या हेमराजनं जमवलं म्हणून. आता मोडलं तर पोरीचं नाव जाणार, आणि जुळवणाऱ्याच्या तोंडात लोक शेण घालणार. शिवाय पवनला तोंड कसं दाखवायचं? "लग्नानंतर सुधरन," हेमराज स्वतःशीच म्हणाला. "समदेच सुधरतात." कोण सुधरलं होतं, एक तरी नाव घे रे भाड्या! पण तिथं पुलावर त्याला असं विचारणारं कोणी नव्हतं. त्यानं गाडीला किक मारली.

मांडवात मायनं, अंजनाबाईनं, वाटी कपाळाला लावली. रंभाला पाटावर बसवलं. पहिलं बोट अंजनाबाईनं लावलं, मग मावश्यांनी, मग साऱ्या गावानं. रंभा गालाला हळद लागत असताना सारखी हेमराजकडं पाहत होती. तो दोरी सुटली म्हणून मांडवाची डहाळी बांधायला निघून गेला. दोरी काही सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर वरात आली. धुमाल, फटाके, धूळ. लच्छू पवनच्या घोड्यापुढं नाचत आला. आपल्याच गावच्या पोरीच्या लग्नात तो नवरदेवाकडून आला होता.

यांच्यात अक्षदांच्या आधी कानपिळी होते. नवरदेव पाटावर बसतो. नवरीचा भाऊ मागून येऊन त्याचा कान धरतो, पिळतो आणि विचारतो, माह्या बहिणीले जपशील? नवरदेव म्हणतो, जपीन. मग भाऊ कान सोडतो, नवरदेवाकडचे त्याला शर्टाचं कापड देतात, आणि नवरदेव उठून अंतरपाटाशी उभा राहतो. भावानं कान सोडल्याशिवाय उठायचं नाही, एवढा एकच नियम. सगळा हसण्या-खिदळण्याचा प्रकार. म्हातारे सांगतात, पूर्वी भाऊ खरंच विचारायचे. आता फोटो काढतात.

हेमराज पवनच्या मागं उभा राहिला. समोर नवरदेवाकडच्या बायांत पवनची माय बसली होती. नवं लुगडं, तोंडाला पावडर, आणि पावडरीखालून गालावरचा पिवळा डाग तसाच दिसत होता. ती हेमराजकडं पाहून हसली. हेमराजनं बाळीसकट पवनचा कान धरला.

"माह्या बहिणीले जपशील?"

"जपीन ना भाऊ!" पवन ओरडला. मांडव हसला. फोटोवाला म्हणाला, अजून थोडा पिळा. हेमराजनं पिळला. पवननं तोंडावरचं हसू तसंच ठेवून, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "पीळ, पीळ. आज तुही बारी हाये. उद्यापासून माही. तिचे कान तं लय नाजूक हायेत बे."

दोस्तीतला विनोद होता तो. धरणावर असता तर हेमराज हसला असता.

"सोड आता," पवन म्हणाला.

हेमराजची बोटं सुटेनात. त्याला सोडायचं नव्हतं असंही नाही. काय होतंय ते त्याला समजतच नव्हतं. एवढंच दिसत होतं, की हा कान सोडला की हा माणूस उठतो, हा उठला की अक्षदा पडतात, आणि अक्षदा पडल्या की रंभा त्या घरात, त्या घागरीवर, त्या म्हातारीच्या अर्ध्या वाट्याची धनी.

"झालं ना बाप्पा, सोड," कोणी म्हणालं.

"नाई सोडत."

मांडवात हशा पिकला. "अंगठी मागून राह्यला साळा! कपड्यावर भागत नाई म्हणते!" पवनच्या मामानं हसत हसत आपल्या बोटातली अंगठी काढायला घेतली. "घ्या, साळेबुवा, घ्या. पन नवरदेव सोडा."

"अंगठी नोको," हेमराज म्हणाला. मग तो मोठ्यानं म्हणाला, "हे लगन होत नाई. मी माही बहीण देत नाई याले."

मग पवननं बसल्या जागेवरून कोपर मागं हाणलं. ते हेमराजच्या पोटात बसलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, पण पकड सुटली नाही. ती हेमराजची पकड होती, ती कधी सुटली होती? पवन सगळ्या ताकदीनं उसळून उठला. आणि कान फाटला. कापड फाटावं तसा, खालून वर. बाळी आणि बाळीभोवतीचा पाळीचा तुकडा हेमराजच्या चिमटीत राहिला. पवननं गालाला हात लावला, हात लालभडक झाला, आणि त्यानं जी किंकाळी फोडली, तिनं घोडा दावं तोडून पळाला. रक्त त्याच्या पांढऱ्या शेरवानीवर, पाटावर, अक्षदांच्या ताटात पडलं.

"धरा त्याले!"

हेमराजच्या काखेतून मागून दोन हात आले. लच्छूचे हात. हेमराजनंच शिकवलेली पकड. त्यात सापडलेल्या माणसाला काय वाटतं, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.

पवनचा पहिला ठोसा नाकावर बसला आणि नाक मोडलं. दुसऱ्यानं दात हलले. मग ठोसे मोजण्यापलीकडं गेले. लच्छूनं सोडलं तेव्हा हेमराज खाली पडला आणि वऱ्हाड्यांनी त्याला लाथांखाली घेतलं. कुरखेड्याच्या वरातीत ज्यांच्या खांद्यावर हात टाकून तो नाचला होता, तेच पाय होते. बरगडीत लाथ बसली, कानशिलावर बसली. पत्रूभाऊ "अरे माह्या पोराले मारून राह्यले रे" करत बांबू घेऊन धावला, तर त्यालाही कोणीतरी खुर्ची हाणली. खुर्च्या उडाल्या, पाण्याचा जार फुटला, बाया पोरं उचलून पळाल्या. बाहेर धुमाल वाजतच होता. आतली गडबड नाचण्याची आहे असं त्या लोकांना वाटलं असावं.

"हात काढ याचा," पवन म्हणाला. मामानं हेमराजचा उजवा हात ओढून जमिनीवर दाबला. पवननं ज्या पाटावर बसून जपीन म्हटलं होतं, तोच पाट दोन्ही हातांनी उचलला आणि बोटांवर आपटला. आवाज ओळखीचा होता. हेमराजही बिरजूसारखाच ओरडला, गुरासारखा. पवननं पाट पुन्हा डोक्यावर उचलला.

तो खाली आला नाही. पवनच्या उघड्या मानेवर, कॉलरच्या वर, पुऱ्या तळायचा झारा बसला. कढईतून सरळ काढलेला, तेल गळणारा झारा. चर्र झालं. पाट पवनच्या हातातून त्याच्याच पायावर पडला आणि तो गुडघ्यावर कोसळला. मागं रंभा उभी होती. कपाळाला मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा, आणि दोन्ही मुठींत झाऱ्याची दांडी. तिनं दुसरा घाव त्याच्या पाठीवर घातला, तिसरा मामाच्या हातावर. मामानं हेमराजला सोडलं.

"कोन येते?" ती ओरडली. तिचा आवाज चिरकला होता. "या ना! बोटं तोडाले येता ना माही? या!"

चुलीकडून आत्या उलथनं घेऊन आली. मावशी चुलीतलं जळतं लाकूड घेऊन आली. मग गावच्या साऱ्याच बाया सुटल्या. वऱ्हाड जसं नाचत आलं होतं तसंच पाय लावून पळालं. लच्छू सगळ्यांच्या पुढं होता. पवनला चौघांनी उचलून गाडीत कोंबलं. सगळ्यात शेवटी त्याची माय उठली. तिनं जमिनीवर पडलेला पोराचा फेटा झटकून काखेत मारला, एकदा रंभाकडं पाहिलं, आणि हळूहळू चालत त्याच गाडीत, त्याच्याच बाजूला जाऊन बसली. तिचा आराम इथंच राहिला.

मांडवात बापाचं डोकं कोणी बांधत होतं, कढईतल्या पुऱ्या करपल्या होत्या. हेमराजला मांडवाच्या खांबाला टेकवून बसवलं. एक डोळा सुजून मिटला होता. अंजनाबाई रडत रडत त्याच्या कपाळाच्या जखमेवर हळद दाबत होती आणि एकाच तोंडानं त्याला शिव्याही देत होती आणि माहा वाघ म्हणत होती. रंभा पुढ्यात उकिडवी बसली. तिनं अंगावरचा पिवळा शेला फाडला आणि त्याचा मोडलेला पंजा बांधायला घेतला.

हेमराजला वाटलं, आता ही रडेल, गळ्यात पडेल. मारानं त्याचं अंग अंग दुखत होतं, पण आत कुठंतरी त्याला फार बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं योग्य माणसाला धरलं होतं.

"वाचली रे बाप्पा तू," तो सुजल्या ओठांनी म्हणाला.

रंभा गाठ मारत होती. गाठ पक्की झाल्यावर म्हणाली, "धरणावर गेले होते तुम्ही, त्या दिवशी फोन कटला नोता."

हेमराजला आधी समजलं नाही.

"माहे हात भरले होते. त्यानंबी कापला नाई, मीबी नाई. बोटंच ठेवत नाई म्हणला तो. मंग लच्छू हासला. मंग तू हासला." तिचा आवाज चढला नाही. "तुहं हासू मले कुठीबी ओळखू येते, दादा."

अंजनाबाईचा हात कपाळावरच थांबला.

"म्हणून तुले इचारलं कसा हाये. मी म्हटलं असतं तं तुम्ही म्हटलं असतं पोरगी भेते, लाजते. तुहं आयकलं असतं बाबानं. तू म्हणला, सोनं हाये." तिनं नाक पुसलं, तर गालावरच्या हळदीला बोटावरचं रक्त लागलं. "आज मोडलं ते बरं केलं. पन काल त्याच्या घरून आला तवा तुहं तोंड पाह्यलं मी. तुले समदं मालूम झालं होतं काल."

"रंभे..."

"मंग हळद काऊन लागू देली, दादा?"

हेमराजजवळ पुलावरची सारी कारणं होती, मावश्या, मांडव, बापाचं नाव, दोस्ती.

रंभा उठली आणि मोरीच्या दगडावर जाऊन बसली. तिनं साबण लावला, मग चुलीतली राख घेतली, आणि कोपरापासून खाली हात घासायला लागली. चुडा फुटला तरी घासत राहिली. पाणी पिवळं होऊन वाहत होतं, हात मात्र पिवळेच्या पिवळे. तिला पाणी ओतून द्यावं म्हणून हेमराज खांबाला धरून उठला, खुरडत मोरीपाशी गेला आणि पाण्याचा गडवा उचलायला वाकला. पण त्या हातानं गडवा धरवला नाही.